पायाची अँजिओप्लास्टी : बलून कोणता, ते सांगा

महोदय,

हृदयाच्या अँजिओप्लास्टीची चर्चा घरोघरी होते. पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की मात्र नातेवाईक विचारतात ते एवढंच, ‘पाय वाचेल ना?’ माझ्या वडिलांना मधुमेह. अंगठा काळा पडू लागला होता. संमतीपत्रावर नुसतं ‘बलून’ (अरुंद रक्तवाहिनी आतून उघडणारा फुगा) लिहिलेलं, कोणता ते कुणीच सांगितलं नाही.

आणि फरक तर बराच आहे. साध्या बलूनने मांडीतली रक्तवाहिनी उघडते, पण पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण मोठं. पॅक्लिटॅक्सेल औषधाचा लेप दिलेला बलून ते कमी करतो, शिवाय स्टेंटसारखी धातूची जाळी आत राहत नाही. गुडघ्यामागे पाय सतत वाकतो, तिथे स्टेंट मोडू शकतो, म्हणून डॉक्टर तो शक्यतो टाळतात. पॅक्लिटॅक्सेलमुळे मृत्यू वाढतात, अशी शंका २०१८च्या अखेरीस आली होती. अधिक माहिती तपासून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३मध्ये तसा धोका दिसत नसल्याचं सांगितलं. पाय धोक्यात असलेल्या रुग्णाची स्वतःची शीर चांगली असेल, तर ती वापरून केलेली बायपास शस्त्रक्रिया बलून-स्टेंटपेक्षा सरस ठरल्याचंही २०२२च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

हे सारं रुग्णाला मराठीत, सहीआधी, किमतीसकट कळायला हवं. हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर केंद्राने २०१७मध्ये मर्यादा घातली. पायाच्या बलून-स्टेंटबाबतही सरकारने तसाच निर्णय घ्यावा.

– एक वाचक, सातारा