रविवारची लिफ्ट-फेरी: येण्याआधी वाचा

मंडळी, रविवारी सकाळी ७:३० वाजता दांडिया बाजारात जमू. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट चित्रित करायला सोसायटीने परवानगी दिली आहे. रहिवाशांचे चेहरे टिपू नका. कुणी लिफ्टसाठी थांबलं असेल तर आधी त्यांना जाऊ द्या; मागच्या वेळी आपल्यामुळे एका आजींना जिना चढावा लागला, ते मला अजून बोचतं.

जाळीतून काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं, पिंजऱ्याचा तोल सांभाळणारं वजन, छान दिसतं. त्याचं वजन रिकामा पिंजरा अधिक लिफ्टच्या कमाल भाराच्या साधारण निम्मं एवढं असतं, म्हणून रिकामी लिफ्ट खाली येताना मोटरला जास्त जोर लागतो. तो आवाज नीट टिपा, तो टिपताना मध्ये बोलू नका. लिफ्टच्या समीक्षेत पाटीवरची क्षमता किलोंमध्ये लिहायचीच. मशीनरूममध्ये मात्र कुणीही शिरायचं नाही.