मधाची पोळी टाकू नकोस

पुणे,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. जांभळाचा मध मनासारखा निघाला हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू सहज लिहिलंस की मधाच्या घरांवरून सुरीने उतरवलेली मेणाची झाकणं आणि मधमाश्यांची जुनी काळी पोळी गोणीत भरून पडवीत ठेवली आहेत, पावसाआधी टाकून देणार. ते वाचून लगेच लिहायला बसलो. टाकू नकोस, आणि पडवीतही राहू देऊ नकोस. मेणपतंगाने त्यात अंडी घातली की अळ्या सगळं पोखरतात. मग मेण राहत नाही, नुसतं जाळं आणि भुसा उरतो.

महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं तेव्हापासून तुमच्या भागात जो तो मधाबद्दल बोलतो. मेणाची चौकशी कोणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे बारीक पापुद्रे सुटतात, ते चावून चावून ती पोळं बांधते. एक किलो मेणामागे तिला 6 ते 8 किलो मध खर्चावा लागतो, असा हिशोब मधपाळ मांडतात. आपण मधयंत्रात मध काढून पोळी माश्यांना परत देतो ती त्यासाठीच. म्हणजे आपल्या वाट्याला मेण येतं ते झाकणांचं आणि जुन्या पोळ्यांचं. सातेरीच्या, म्हणजे आपल्या लहान देशी माशीच्या, पेट्यांतून ते थोडंच निघणार. त्याच्या मेणबत्त्या कर. आषाढात तुमच्याकडे वीज जाते तेव्हा घरातल्या मेणाचा उजेड असू दे.

झाकणं आणि काळी पोळी आधी वेगळी कर. झाकणांचं मेण पिवळंधमक असतं, ते काळ्यात मिसळू नकोस. काळी पोळी रात्रभर पाण्यात भिजव, म्हणजे आतले जुने कोष पाणी पितात आणि मेण कमी धरून ठेवतात. मग ती पातळ फडक्यात बांधून, वर दगड ठेवून, पातेल्यातल्या पाण्यात मंद आचेवर तापव. खळखळून उकळू नकोस. मेण फडक्यातून पाझरून वर तरंगतं. झाकण ठेवून सावकाश गार होऊ दे, सकाळी वर वडी धरलेली असेल. तिच्या बुडाशी चिकटलेला गाळ खरवडून टाक. पातेलं स्टीलचं घे. लोखंडाने मेण तपकिरी पडतं, तांब्याने हिरवट. विहिरीचं पाणी जड असेल तर मेण फेसाळ, भुसभुशीत होतं. पावसाचं पाणी धरून ठेवलंस तर उत्तम. फडक्यात उरलेला चोथा वाळवून ठेव, चूल पेटवायला चांगला.

पुढचं वितळवणं पाण्यावरच, म्हणजे पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं. थेट आचेवर कधीच नाही, आणि भांडं सोडून उठायचं नाही. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, 85 च्या पुढे गेलं की रंग काळवंडतो. चुकून पेटलंच तर पाणी टाकायचं नाही, झाकण घालून गुदमरवायचं.

आता वात. माझ्या मते मेणबत्तीचं सगळं यश वातीत आहे. समईची वात इथे चालत नाही. वितळलेलं मधमाशीचं मेण पॅराफिनपेक्षा, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या बाजारी मेणापेक्षा, दाट असतं, ते वर ओढायला वात जाडच लागते. शिवाय ती वेणीसारखी विणलेली हवी. पूर्वी नुसत्या पिळाच्या वाती असत. त्या ज्योतीत ताठ उभ्या राहत, गुल साचे आणि तो पुन्हा पुन्हा कापावा लागे. 1825 मध्ये कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने विणलेली वात काढली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला बाहेर येतं आणि आपसूक जळून जातं. जाड सुती दोऱ्याची तीनपेडी वेणी घाल, वितळलेल्या मेणात बुडव आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेव. मग सरळ ताणून वाळव. वेगवेगळ्या जाडीच्या दोन-तीन वाती करून पाहा. ज्योत बुडून विझत असेल तर वात बारीक आहे, धूर काढत असेल तर जाड.

तू साच्यांबद्दल विचारलंस. हे मेण साच्याला चिकटतं. मेणात बुडवून करायच्या म्हटल्या तर 25 सेंटिमीटर उंच आणि 7 सेंटिमीटर व्यासाचा डबा भरायलाच पाऊण किलोहून जास्त मेण लागतं, आणि त्यातलं बरंचसं डब्यातच राहतं. तुझ्याकडे तेवढं कुठलं? म्हणून पळीने ओतायची जुनी रीत घे. युरोपात चर्चसाठी मेणबत्त्या करणारे कारागीर असंच करत. चर्चमध्ये मधमाशीच्या मेणाचा मान मोठा. ईस्टरच्या आदल्या रात्री पास्काची मेणबत्ती पेटवतात तेव्हाच्या स्तोत्रात मधमाश्यांच्या कामाचाही उल्लेख येतो.

रीत सोपी आहे. तारेच्या कड्याला वाती टांग, खाली परात ठेव. मेण 70 अंशांच्या आसपास असावं. एका हाताने वात हळूहळू फिरवत पळीने वरून बारीक धार सोड. पहिला थर गार झाला की दुसरा. परातीत साठलेलं पुन्हा भांड्यात. खालचं टोक जाड होत जातं, म्हणून अधूनमधून वात उलटी टांग. बोटाएवढी जाडी झाली की कोमट असतानाच ओल्या, गुळगुळीत फळीवर तळहाताने लाटून सरळ कर. हे लाटणं मला सगळ्यात आवडतं. हाताला मधाचा वास लागतो, तो साबणानेही लवकर जात नाही.

म्हणूनच सांगतो, अत्तर आणि रंग घालून पाचगणीच्या दुकानात ठेवायचा तुझा बेत मला पटत नाही. या मेणाचा स्वतःचा वास त्या अत्तराखाली मरून जाईल. विकायच्याच असतील तर पिवळ्या, साध्या विक. आणि ‘हवा शुद्ध होते’ असं पुठ्ठ्यावर छापू नकोस. कुठलीही ज्योत हवेतला प्राणवायू घेते आणि थोडीतरी काजळी सोडते. शुद्ध मेण आहे, आपल्या पेट्यांचं आहे, एवढं खरं सांगितलंस तरी पुरे. काही आठवड्यांनी वर पांढरी भुकटी दिसेल. ती बुरशी नव्हे, मेणच पृष्ठभागावर येतं. मऊ फडक्याने पुसलं की चकाकी परत.

बाहेरून मेण विकत घेऊ नकोस. बाजारात पॅराफिन मिसळलेलं फार. आग्या मोहोळ पिलावासकट कापून पिळलेल्याचं मेण तर मला नकोच वाटतं.

विणलेली वात इथे मिळते, दोन जाडींची तुला टपालाने पाठवतो. तोवर झाकणांची वडी करून ठेव. आषाढी झाली की चार दिवस येतो, ओतायला आपण दोघं बसू. वहिनींना सांग, मेणाची पातेली वेगळीच ठेवायची आहेत, स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावणार नाही. त्यांना नमस्कार, आई-आबांना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच
जुना मित्र