विषय : यांत्रिक पक्ष्याचा भाता काढून स्पीकर बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, दुरुस्ती विभाग

महोदय,

आमच्या सासऱ्यांचा चावीचा गाणारा पक्षी आपण दुरुस्त करून परत पाठवलात. पितळी पिंजरा, आतल्या यंत्रावर असे पक्षी बनवणाऱ्या पॅरिसच्या ‘बोंताँ’चा ठसा. देताना तक्रार एकच होती : पक्षी मान वळवतो, चोच हलवतो, पण आवाज फुसका येतो. भात्याचं कातडं चिरलं होतं, बाकी यंत्र ठणठणीत होतं. आपल्याच माणसाने पावतीवर ‘भात्याचे कातडे बदलणे’ असं लिहिलं आहे.

आता आवाज खणखणीत येतो, त्याबद्दल वाद नाही. पण चोच मिटलेली असतानाही गाणं चालूच असतं! तळ उघडून पाहिला तर भाता नाही, शिट्टी नाही. त्या जागी एक सर्किट, स्पीकर आणि पेन्सिल सेल. स्पीकर बसवायला जुन्या लाकडात नवी भोकं पाडलेली. बिलावर मात्र ‘संपूर्ण जीर्णोद्धार’.

या पक्ष्यात भाता शिट्टीला हवा पुरवतो आणि शिट्टीतला दट्ट्या मागेपुढे सरकला की सूर चढतो-उतरतो. दट्ट्या, हवेची झडप आणि चोच या तिन्हींना हलवणाऱ्या चकत्या एकाच यंत्रावर फिरतात, म्हणून तान आणि चोच जुळते. हे आपल्या कारागिरांना मी सांगावं? करडाचं पातळ कातडं सरसाने चिकटवलं असतं तर काम झालं असतं, आणि पुढेमागे कुणाला ते सोडवताही आलं असतं. आता चकत्या फिरतात, पण त्यांनी हलवायचा तो दट्ट्याच उरलेला नाही.

आपल्या माहितीपत्रकावर स्विस घड्याळजी जाके-द्रो यांच्या ‘लेखक’ या यांत्रिक बाहुल्याचा फोटो आहे. 1774 सालचा तो बाहुला स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयात आजही दौतीत पीस बुडवून लिहितो. त्याच्या पोटात कुणी प्रिंटर बसवलेला नाही.

फोन केला तर आपल्याकडून उत्तर आलं, ‘आवाज येतोय ना, मॅडम?’ आवाजच हवा असता तर मोबाइल होता की घरात.

मूळ भाता, शिट्टी आणि दट्ट्या, आहेत त्या अवस्थेत, मला परत हवे आहेत. जुने भाग टाकून देण्याची परवानगी मी दिली नव्हती आणि तसं पावतीवरही कुठे नाही. बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. पक्षी पुन्हा आपल्याकडे पाठवणार नाही. मूळ भाग हाती आले की दुसऱ्या कारागिराकडून काम करून घेईन आणि त्याचा खर्च, भोकं बुजवण्यासकट, आपण द्यावा.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. आपलं कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याने त्याला अडचण येत नाही.

कळावे,
आपली ग्राहक
पुणे

सोबत : पावती व बिलाची प्रत, तळाचे आधीचे व नंतरचे फोटो