हाताची सवय आणि मनातली भीड

महोदय,

वैमानिकाचे कसब आपण उड्डाणाच्या तासांत मोजतो. पण ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला धावपट्टीआधीच्या बांधावर आदळलेले एशियाना या दक्षिण कोरियाच्या विमान कंपनीचे बोईंग ७७७ चालवणाऱ्याकडे सुमारे साडेनऊ हजार तास होते. आकाश निरभ्र होते. त्या दिवशी उतरताना उंचीचा अंदाज देणारी जमिनीवरची यंत्रणा तेवढी बंद होती, म्हणजे नजरेने आणि हाताने विमान उतरवायचे होते. इंजिनाचा जोर यंत्र आपोआप सांभाळेल असे त्याने धरून चाललेले. यंत्राने सांभाळला नाही. वेग घटत गेला. तिघांचा जीव गेला.

मला जास्त खटकले ते चौकशीतले त्याचे म्हणणे: असे उतरणे त्याला अवघड वाटत होते, पण बाकीचे सगळे उतरत असताना ‘मला जमणार नाही’ म्हणायचे कसे? ही भीड कुठल्या लॉगबुकात लिहिलेली नसते.

याउलट १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेले बोईंग ७६७ कॅप्टन पीअर्सन यांनी गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर सुखरूप उतरवले. ते हौशी ग्लायडरपटू होते. उंची जास्त झाल्यावर विमान तिरके करून खाली आणण्याची ग्लायडरवाल्यांची युक्ती त्यांनी एवढ्या धुडावर वापरली!

सॅन फ्रान्सिस्कोच्या अपघाताआधी सहाच महिने अमेरिकी नियामकांनी कंपन्यांना सुचवले होते, की जमेल तेव्हा वैमानिकांना हाताने विमान चालवू द्या. आपल्याकडच्या कंपन्या ते किती करू देतात, हे प्रवाशांना कळायला काय हरकत आहे?

– एक वाचक, नाशिक