मोरी मोकळी करा : कांदळवनाबाबत मंत्री महोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या २६ जुलैला, जागतिक कांदळवन दिनी, आपण कोकणातल्या आमच्या लहानशा खाडीकाठी आला होता. रस्त्याच्या भरावाखाली बुजलेली मोरी, म्हणजे खाडीचे पाणी आत-बाहेर जाण्याची वाट, पुढच्या पावसाळ्याआधी मोकळी केली जाईल आणि भरतीचे पाणी पूर्वीसारखे आत खेळेल, असा शब्द आपण सर्वांसमक्ष दिला होता. मोरी आजही बुजलेलीच आहे. त्यात गेल्या अमावास्येच्या आदल्या रात्री तिच्या तोंडाशी कोणीतरी राडारोड्याच्या गाड्या रित्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी उधाणाचे पाणी भरावाला टेकून मागे फिरले. ते मी काठावर उभी राहून पाहिले. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतले.

मी खाडीत चिंबोऱ्या पकडून आणि कालवे फोडून संसार चालवलेली बाई आहे. कालवे फोडताना कापलेली बोटे आणि चिखलात तासन्‌तास उभे राहून धरलेले गुडघे हीच माझी कमाई. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कांदळवनातल्या ज्या तिवराच्या झाडांच्या मुळांत चिंबोरी वाढते, कोळंबीची आणि माशांची पिल्ले आसरा घेतात, ती तिवरे डोळ्यांदेखत वाळत असताना मला झोप लागत नाही. पूर्वी एका ओहोटीत टोपली भरत असे. आता तिचा तळही झाकत नाही. धाकट्या मुलाने जाळे ठेवून शहरात नोकरी धरली, ती याच कारणाने.

तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी जी मुळे वर येतात, त्यांतून ते झाड श्वास घेते. भरती-ओहोटी चालू असली की ती काही वेळ पाण्याखाली जातात आणि पुन्हा उघडी पडतात. वाट बुजली की पावसाळ्यात आत साचलेल्या पाण्यात तीच मुळे दिवसेंदिवस बुडून राहतात आणि उन्हाळ्यात चिखल सुकून त्यात मीठ चढते. झाडाला दोन्हीकडून मार बसतो. हे सांगायला आम्हांला कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही, आणि म्हणूनच आम्ही आपल्याकडे मोरीखेरीज काहीही मागितले नव्हते.

मिळाली ती रोपे. ठेकेदाराने खाडीच्या उघड्या चिखलपट्टीवर, जिथे कधीच काही उगवले नव्हते, एकाच जातीच्या, म्हणजे कांदळ या झाडाच्या, शेंगा दोरी धरून ओळीने रोवल्या. आमच्या बचत गटाच्या बायकांनी तेव्हाच सांगितले की त्या जागी लाट थेट आपटते आणि भरतीचे पाणी फार वेळ उभे राहते, तिथे कांदळ धरणार नाही. कागदावर जागा ठरली आहे, असे उत्तर मिळाले. गटाने नंतर जाऊन मोजले. मोजदाद काटेकोर नसेल, परंतु शंभरांत दहासुद्धा उभी नव्हती. त्या कामाचा फलक मात्र अजून उभा आहे.

तमिळनाडूतील पिचावरम येथे ऱ्हास झालेल्या कांदळवनात गावकऱ्यांना सोबत घेऊन माशाच्या काट्यासारखे चर खणले गेले, भरतीचे पाणी आत फिरू लागले आणि वन परत आले. आपल्याच राज्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. मार्ग ठाऊक आहे. राज्याने २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली, केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘मिष्टी’ ही किनाऱ्यावर कांदळवन लावण्याची योजना जाहीर केली. या योजनांचा मूळ विचार गावाला सोबत घेण्याचाच आहे. मग गावाची आठवण फक्त खड्डे खणताना आणि छायाचित्राच्या वेळीच का व्हावी?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन आहे आणि ते वाढले आहे, असे आम्हांला वारंवार ऐकवले जाते. उपग्रहाला वरून हिरवे दिसते. त्या हिरव्याखाली पाणी फिरते की कुजते, हे त्याला दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ मध्ये ती पक्की केली, तेव्हा आम्हांला आधार वाटला होता. तरीही गावातल्या बाईने चुलीसाठी वाळकी फांदी उचलली तर तिला दटावले जाते आणि बुलेट ट्रेनसाठी २०२२ मध्ये कांदळवनातली सुमारे २२ हजार झाडे तोडण्याची परवानगी मिळते. त्या बदल्यात रोपे लावली जातील म्हणे. आमच्या चिखलपट्टीवर लावली तशीच असतील, तर ती भरपाई नव्हे. आणि राडारोडा टाकणाऱ्या गाड्यांची तक्रार घेऊन आम्ही तीन कार्यालये फिरलो, तर प्रत्येकाने ही जागा आपल्या हद्दीत येत नाही असे सांगितले. रोपे लावायच्या दिवशी हीच जागा प्रत्येकाच्या हद्दीत होती.

महोदय, तिवराच्या बिया पावसाळ्यात गळतात. त्या वेळी पाणी आत-बाहेर खेळते असेल, तर त्या स्वतःच योग्य जागी जाऊन रुजतात. रोपवाटिका लागत नाही, ठेकेदार लागत नाही. त्याआधी राडारोडा उचलावा, मोरी मोकळी करावी आणि चर कुठून काढायचे हे ठरवताना आमच्या गटाला विचारावे. चर खणायला आम्ही स्वतः उतरू. पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा ओहोटीच्या वेळी या. या वेळी बंधाऱ्यावर थांबू नका, आमच्याबरोबर चिखलात उतरा. ती मोरी मी आपल्याला हाताने दाखवीन.

आपली,
खाडीकाठची एक नागरिक