पाऊण तास की वीस मिनिटे

जळगाव,
गुरुवार, पहाटे

प्रिय नाना,

तुझ्या वास्तुशांतीला मी आलो नाही आणि त्याबद्दल दोन ओळीही चार महिन्यांत लिहिल्या नाहीत. आज लिहितो आहे ते काही क्षमा मागण्यासाठी नाही, हे तू ओळखशीलच. प्रकृती ठीक आहे. रक्तदाब थोडा वर असतो आणि पित्ताच्या गोळ्या चालू आहेत. आईचे गुडघे होते तसेच आहेत.

गेल्या मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर एक घटना आली. मोटारसायकल घसरली होती, दोन तरुण जखमी होते, त्यातला एक बोलत नव्हता. ११२ लावला की कॉल आधी नवी मुंबईला किंवा नागपूरला घेतला जातो, तेथून नोंद जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात येते, आणि जवळची गाडी पाठवणे, कॉल करणाऱ्याला परत फोन लावून खूण विचारणे, १०८ ची रुग्णवाहिका निघाली का ते पाहणे, हे सारे आमच्याकडे असते. मी त्यातले काहीही चुकवले नाही. गाडी पोहोचल्याचे दिसले, तेव्हा थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि कप अर्धा झाल्यावर माझ्या लक्षात आले की तो मुलगा ‘भाऊ, म्हसोबाजोडे, पूलवर’ असे जे ओरडत होता, तो पूल आपला होता.

मी उरलेला चहाही प्यायलो, नाना. हेच तुला सांगायचे होते, कारण घरी सांगितले तर बायको म्हणेल की सवय झाली, बरेच झाले, आणि भावड्याच्या आईला तर हे सांगण्याची सोयच नाही.

ही सवय नव्हे. सवय झालेला माणूस काम करून घरी जातो आणि झोपतो. मी घरी जातो, पंख्याकडे पाहत पडून राहतो आणि शेजारच्या घरात भांडे पडले तरी मनात घटनेचा प्रकार निवडू लागतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता तेव्हा, एक म्हातारे गृहस्थ शेतात कोसळल्याचा फोन झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, हे लोक दुपारी शेतात जातातच कशाला. ज्याचे वडील केळीच्या बागेत दुपारच्या पाळीने पाणी भरत, त्या माणसाच्या मनात हा विचार यावा! बायकोने मटण केले नाही म्हणून पोलीस बोलावणाऱ्या दारुड्यावर मी पूर्वी हसत असे. आता त्याचाही राग येत नाही, आणि हेच मला बरे वाटत नाही.

हसण्यावरून आठवले. आमच्याकडे कोल्हापूरकडचा एक नवा मुलगा आला आहे. एका आजीने त्याला ‘मंदिरजोडे चोरी व्हयनी’ असे सांगितले, तर त्याने ‘मंदिरातून जोडे चोरीस गेले’ अशी नोंद केली, आणि गेलेल्या हवालदारांनी तासभर चपलांचा तपास केला. आपल्या अहिराणीत ‘जोडे’ म्हणजे जवळ, हे त्याला कोण सांगणार; चोरी मंदिराशेजारच्या घरात झाली होती. त्या दिवशी सारा कक्ष पोट धरून हसला. मीही हसलो, पण इतर हसतात म्हणून.

शेवटी मी १४४१६ लावला. मानसिक आरोग्यासाठी सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला हा क्रमांक आम्हीच कितीतरी लोकांना देतो. पलीकडून आवाज येताच मी सवयीने ‘नमस्कार, ११२ नियंत्रण कक्षातून बोलतो’ असे म्हणालो, आणि त्या बाईंना मी कोणा दुसऱ्यासाठी फोन केला आहे असे वाटले. ‘रुग्ण कोण आहे?’ असे त्यांनी विचारल्यावर मला काही क्षण उत्तर सुचले नाही. त्यांनी नीट ऐकून घेतले. नंतर मी वाचले की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद केली आहे: शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. मात्र ती आजार म्हणून नव्हे, नोकरीतून उद्भवणारी अवस्था म्हणून केली आहे, म्हणजे रजेच्या अर्जात लिहायला तिचा उपयोग शून्य.

साहेबांशी बोललो आहे आणि महिनाभर रात्रपाळी सुटली आहे. आणखी एक गोष्ट मी स्वतःच सुरू केली आहे. आमच्या कामात शेवट कळत नाही. गाडी पोहोचली की दुसरी घटना समोर असते, मागची माणसे जगली की गेली हे गाडीवरच्यांनाच ठाऊक. म्हणून आता रोज एका घटनेचा, एकाच, शेवट मी विचारतो. सुरुवात त्या पुलापासून केली. दोघेही वाचले आहेत. केळीचा एक टेम्पोवाला थांबला होता, आणि मदत येईपर्यंत त्याने बेशुद्ध पोराला न हलवता त्याच्याशेजारी बॅटरी धरून ठेवली होती.

न हलवता. आता पुन्हा भांडू नकोस. तू भावड्याला उचलून नेऊ म्हणत होतास आणि मी थांबू म्हणत होतो, आणि मानेला मार असेल तर हलवू नये हे मी आज फोनवर लोकांना सांगतो. पण त्या रात्री १०८ ही सेवाच नव्हती, ती २०१४ मध्ये आली, आणि एकही ट्रक थांबत नव्हता. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या कटकटीपासून संरक्षण देणारे कलम मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीत दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला सुवर्णतास म्हटले आहे. तो तास मी रोज मोजतो. आपला मात्र मला मोजता येत नाही.

पोरीच्या बारावीचे काय ठरले? नाशिकची हवा वहिनींना मानवली का? भरताची वांगी आली की पिशवी पाठवतो, नाहीतर तूच ये.

आणि एक काम कर. आपण रस्त्यावर उभे राहून पहिल्यांदा हात केला तेव्हापासून जीप मिळेपर्यंत किती वेळ गेला, हे आठवून मला कळव. मी पाऊण तास म्हणत आलो आहे, तू वीस मिनिटे म्हणायचास, आणि वीस वर्षांत आपण दोघांनीही ते कागदावर मांडलेले नाही. कोणत्या गाड्या गेल्या, बस कोणती होती, जे आठवेल ते लिही. फोन करू नकोस. फोनवर मी तुला खूण विचारू लागेन.

तुझा,
आप्पा