नव्या फोनात काय आपोआप येतं, काय हातानं न्यावं लागतं

पुणे,
श्रावण

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबांसाठी नवा फोन कुरिअरनं पाठवलाय. डब्यात फोन, चार्जर, केबल आणि सिमचा कप्पा उघडायची टाचणी आहे. शिवाय वेगळ्या पुडीत एक छोटा ओटीजी जोड ठेवलाय, म्हणजे जुन्या फोनची केबल नव्या फोनात लावायचा तुकडा, तो हरवू देऊ नका. फोन आला की जुना लगेच कपाटात टाकायचा नाही. आणि बाबा, मोंढ्यातल्या मोबाईलच्या दुकानात दोन्ही फोन सोडूनही यायचं नाही. तिथली पोरं काम जाणतात, पण त्यासाठी फोनचं लॉक उघडून त्यांच्या हाती द्यावं लागतं आणि त्याच फोनात पेन्शनचं खातं, आधार आणि सगळ्या घराचे फोटो आहेत. हे काम घरीच होतं. एक निवांत सकाळ लागेल.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फोनमधलं सगळं एका जागी नसतं. काही नंबराशी, म्हणजे सिमशी बांधलेलं असतं: कॉल, ओटीपी, बँकेची जोडणी. काही गुगलच्या खात्यात असतं, ते नव्या फोनात तेच खातं घातलं की आपोआप उतरतं. आणि काही फक्त जुन्या फोनाच्या पोटात असतं: व्हॉट्सॲपच्या गप्पा, रेकॉर्डिंग, आडतीच्या पट्ट्यांचे आणि खासरा पत्रकाचे फोटो, नोट्समध्ये लिहिलेले हिशेब. लोकांचं जे हरवतं ते बहुतेक या तिसऱ्यातलं. म्हणून माझा सगळा जोर त्याच्यावर आहे.

नवा फोन यायच्या आधीच एक काम करून ठेवा. जुन्या फोनात सेटिंग्जमध्ये जाऊन 'गुगल' उघडा, वर जीमेलचा पत्ता दिसेल. तो वहीत लिहा, अक्षर न अक्षर. त्याचा पासवर्ड माहीत आहे का? फोन घेताना दुकानदारानंच खातं उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नसतो, हे गावोगाव आहे. माहीत नसेल तर 'पासवर्ड विसरलात' वर जा. जुना फोन हातात आणि चालू असेल तर फोनचं लॉक वापरून किंवा नंबरावर आलेला कोड घालून नवा पासवर्ड बनवता येतो. तो फोन एकदा पुसला आणि खात्यात तुमचा नंबर नोंदलेला नसला, तर खातं परत मिळवणं फार अवघड जातं. म्हणून 'रिकव्हरी फोन', म्हणजे खातं परत मिळवायला नोंदलेला नंबर, बाबांचाच आहे ना, तेही बघा. पासवर्ड वहीत लिहिला तरी चालेल, वही कपाटात ठेवा. यूपीआयचा पिन मात्र वहीतसुद्धा नको.

मग नंबर. कॉन्टॅक्ट्समध्ये कुणाचंही नाव उघडून बदल करायची पेन्सिल दाबली की तो नंबर गुगलमध्ये, सिमवर की फोनमध्ये साठवलाय ते वर दिसतं. गुगलमधले येतील. सिमवरच्यांसाठी कॉन्टॅक्ट्समध्येच 'ऑर्गनाइझ' (आधी याचंच नाव 'फिक्स अँड मॅनेज' होतं) नावाचा भाग आहे, तिथून सिमवरचे नंबर आत घ्या आणि विचारलं की गुगलचं खातं निवडा. सिमवर साधारण 250 नंबर मावतात आणि नावही तोकडंच बसतं, त्यामुळे काही नावं अर्धी दिसतील. ती हातानं नीट करा. जे नुसते 'फोन' मध्ये आहेत ते 'एक्सपोर्ट' केले की त्यांची एक फाइल तयार होते, ती परत 'इम्पोर्ट' करताना गुगलचं खातं निवडायचं.

जुना फोन भरलेला आहे हे मला माहीत आहे. जागा नसली की बॅकअप, म्हणजे जपून ठेवायची नक्कल, अर्ध्यात थांबतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' खाली 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथं 5 एमबीपेक्षा मोठं आणि खूपदा फॉरवर्ड झालेलं वेगळं काढून दाखवतात. सुप्रभातचे व्हिडिओ खुशाल उडवा. फक्त बाबा, सातबारा, फेरफार, दवाखान्याचे रिपोर्ट असलं काही त्यात आलंय का हे आईला शेजारी बसवून बघा, तिचं लक्ष तुमच्यापेक्षा बारीक आहे.

आता प्रत्यक्ष काम. दोन्ही फोन पूर्ण चार्ज करा आणि लाईट जायची वेळ असेल तर आदल्या रात्रीच करून ठेवा. कारण दोन फोन केबलनं जोडले की चार्जर लावायला भोकच उरत नाही, आणि नवा फोन आपल्यातली थोडी वीज जुन्यालाही देत राहतो. जुन्या फोनची नेहमीची केबल जुन्यात लावा, तिचं रुंद टोक ओटीजी जोडात आणि जोड नव्या फोनात. केबल चांगली घ्या. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. तसल्या केबलनं फोन चार्ज होईल पण एकमेकांना ओळखणार नाहीत. मग फोन बिघडला असं समजू नका, केबल बदला.

नवा फोन पहिल्यांदा सुरू केला की भाषा विचारेल, मराठी निवडा. मग वाय-फाय. आपल्याकडे वाय-फाय नाही, तर आईच्या फोनचा हॉटस्पॉट लावा. त्यानंतर जुन्या फोनमधली ॲप आणि डेटा आणायचा का, असं विचारतील. इथं घाईनं 'वगळा' दाबू नका. दाबलंच, तर नवा फोन रिसेट करून परत पहिल्यापासून सुरू करणं हाच सोपा रस्ता. त्यात अजून काही नसतं, त्यामुळे नुकसान नाही. जुन्या फोनवर परवानगी मागितली की द्या. कोणकोणती ॲप न्यायची याची यादी येईल, त्यात 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलन' अशा नावाचं, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फाइलीतून घातलेलं काही असेल तर त्याची खूण काढा. असल्या फाइली पैसे लुटण्यासाठीच फिरतात. ते जुन्या फोनातूनही लगेच काढा आणि मला कळवा.

फोटो, गाणी, मेसेज केबलनं येतात. जेवढं सामान तेवढा वेळ, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत. ॲप मात्र केबलनं येत नाहीत, ती प्ले स्टोअरवरून नव्यानं उतरतात आणि त्याला नेट लागतं. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक त्यात संपू शकतो. संपला तर बाकीची ॲप दुसऱ्या दिवशी उतरतील, काळजी नको. फोन गरम होतील, कव्हर काढून पंख्याखाली ठेवा. मध्येच तुटलं तर परत लावा. जुन्यातलं काहीही जात नाही, कारण ही नक्कल असते, मूळ जागेवरच राहतं.

व्हॉट्सॲप वेगळं करायचं, आणि सिम अजून जुन्याच फोनात असताना. दोन्ही फोनांत वाय-फाय आणि लोकेशन चालू करा. इथं नेट फारसं खर्च होत नाही, फोन एकमेकांशी थेट बोलतात, पण वाय-फायचं बटण चालू लागतं. आधी जुन्या फोनात व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', मग 'ट्रान्सफर चॅट्स' उघडून 'स्टार्ट' दाबा आणि तसाच ठेवा. मग नव्या फोनात व्हॉट्सॲप उघडून बाबांचा नंबर घाला. ओटीपी जुन्या फोनवर येईल, तो आईनं वाचून दाखवावा. दोन टप्प्यांचा सहा आकडी पिन लावलेला असेल तर तोही मागतील. तो आठवत नसेल आणि ईमेलही जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, म्हणून आधीच जुन्या फोनात बघून ठेवा. पुढे जुन्या फोनमधून गप्पा आणायच्या का, असं विचारतील. 'हो' म्हटलं की चौकटीचं चित्र, म्हणजे क्यूआर कोड दिसेल. तो जुन्या फोनानं स्कॅन करायचा. पूर्ण होईपर्यंत दोन्ही फोन जवळजवळ आणि स्क्रीन चालू ठेवा.

गप्पा आणायच्या का, हा प्रश्न ॲप पहिल्यांदा सुरू होतानाच विचारतात. चुकून पुढे गेलात तर नव्या फोनातलं व्हॉट्सॲप काढून परत घालायचं आणि परत तोच रस्ता. खबरदारी म्हणून आदल्या रात्री गुगल ड्राइव्हवर बॅकअपही घेऊन ठेवा. गुगलची फुकट जागा 15 जीबीच आहे, आणि त्यातच फोटो आणि जीमेल बसतात. मावत नसेल तर बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

यातूनही मागे राहतात त्या गोष्टी अशा. मेमरी कार्ड असेल तर नव्या फोनात त्याला जागा नाही. 'फाइल्स' ॲप उघडा, कार्डावरचं निवडा आणि 'क्विक शेअर' नं नव्या फोनात पाठवा. याला नेट लागत नाही. आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंग बहुधा त्यावरच किंवा 'रेकॉर्डिंग्ज' च्या फोल्डरात आहेत. गुगल त्यांची नक्कल आपणहून ठेवत नाही, ती हातानंच न्यायची. नेल्यावर नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका, दोन-तीन वाजवून ऐका. बाबांनी फोनच्या स्वतःच्या नोट्समध्ये दुधाचा हिशेब लिहिलाय, तोही कदाचित येणार नाही. ती पानं मला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. आणि खरिपाची ई-पीक पाहणी शेतात रेंज नसताना केली असेल, तर ती नोंद अपलोड झालीय का ते जुन्या फोनातच बघा. राहिली असेल तर आधी रेंजमध्ये येऊन अपलोड करा, मगच फोन बदला. हयातीच्या दाखल्यासाठी लागणारी 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही ॲप नव्या फोनात नव्यानं घ्यायची, जुन्यातून न्यायचं काही नाही.

सगळ्यात शेवटी सिम. नव्या फोनात नॅनो सिम लागतं. जुनं मोठं असेल तर कात्रीनं कापू नका, कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जा आणि बदलून घ्या. बदललेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे ओटीपीही नाहीत. त्यामुळे ते काम औषधं आणायची किंवा बिल भरायची असतील त्या दिवशी काढू नका. थोडे पैसे हातात ठेवा.

यूपीआयचं ॲप नव्या फोनातून बँकेला स्वतः एक एसएमएस पाठवून नंबर तपासतं. म्हणून बँकेत नोंदलेलं सिम नव्या फोनात असलं पाहिजे, त्याचा रिचार्ज चालू असला पाहिजे आणि दोन सिम असतील तर विचारल्यावर बरोबर तेच निवडलं पाहिजे. इथं अडलं तर बहुतेक वेळा या तिघांपैकीच काहीतरी असतं. पिन जुनाच चालतो, नवा बनवायची गरज नाही. पहिल्या 24 तासांत 5000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात, ती सुरक्षेसाठी घातलेली मर्यादा आहे, खात्यात गडबड नाही. या दिवसांत 'तुमचा फोन बदललाय, केवायसी करा' असा कुणाचा फोन आला तर ठेवून द्या. बँक असं विचारत नाही. चुकून काही सांगितलं गेलंच तर त्याच क्षणी 1930 वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरावर फोन करा, मला नंतर.

जुना फोन महिनाभर तसाच ठेवा. त्यातले फोटो एकेक करून पुसू नका. गुगल फोटोजचा बॅकअप चालू असला तर तिथं पुसलेला फोटो नव्या फोनातूनही जातो, आणि कचऱ्यात तो 60 दिवसच टिकतो. ठेवताना बॅटरी निम्मी असू द्या, चार्जरला लावून ठेवू नका. पाठ फुगलेली दिसली तर चार्जच करू नका आणि मला सांगा. महिन्यानंतर सगळं पोचल्याची खात्री झाली की सिम आणि कार्ड काढायचं, सेटिंग्जमधून गुगलचं खातं काढायचं आणि मग सगळा डेटा पुसायचा. खातं आधी नाही काढलं तर पुढे ज्याला फोन द्याल त्याला तो जुनं खातं मागत बसू शकतो.

नव्या फोनात *#06# दाबलं की आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो. तो वहीत लिहा आणि बिल त्याच पानात ठेवा. फोन हरवला तर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करायला हाच नंबर लागतो.

रविवारी सकाळी सुरू करा, आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावा, मी समोर बसते. त्या दिवशी जमलं नाही तर जुना फोन आहेच. मी महालक्ष्म्यांना आल्यावर उरलेलं बघू.

तुमची लेक